टेप, डिस्क आणि बाबांच्या छातीतला डाग

बाबांच्या उजव्या फुप्फुसात, वरच्या अंगाला, एक डाग होता. तरुणपणी त्यांना टीबी झाला, पूर्ण औषधं घेऊन बरा झाला आणि जाताना ही खूण ठेवून गेला. त्रास काही नव्हता. पण बाबा कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेले की तो एक्स-रे उजेडासमोर धरायचा, जरा थांबायचा आणि विचारायचा, "हा डाग जुना आहे की नवा?" जुना असेल तर घरी जा. नवा असेल तर पुढचं सगळं. आणि हे ठरवायचा मार्ग एकच, जुना फोटो शेजारी ठेवून बघायचा. डाग तेवढाच असेल तर जुना. वाढला असेल तर काय, ते वाक्य आमच्या घरात कोणी पुरं करत नसे.

जुन्या फिल्मा बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवल्या होत्या. एका सूर्यग्रहणाला माझ्या चुलतभावांनी त्या काढल्या, कात्रीने तुकडे केले आणि वाटून टाकले. कोंढा या आमच्या गावातल्या अर्ध्या मोहल्ल्याने बाबांच्या छातीतून ग्रहण पाहिलं. बाबांनी स्वतःही पाहिलं. "मस्त दिसते," म्हणाले. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, आणि त्यात हसण्यासारखं होतंही.

पुढे मी तुमसरला एका खासगी एक्स-रे सेंटरमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला लागले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला. त्यांचं आयुष्य धानाच्या मिलवर कोंड्याच्या धुळीत गेलेलं. मुलगी थंड खोलीत बसून काम करते याचं त्यांना भारी कौतुक. त्यात फोटो आता फिल्मवर नाही, कॉम्प्युटरमध्ये राहतात, हे ऐकून ते म्हणाले, "म्हंजे आता कोणी कापनार नाई." मी म्हटलं, नाही कापणार.

सेंटर चालवणारे डॉक्टर मनाने चांगले आणि डोक्याने गरम. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा चांगलं ते तिकडे गेलं आणि भंडाऱ्याकडे नुसत्या कचेऱ्या उरल्या, असं त्यांचं ठाम मत होतं. खरं-खोटं देव जाणे, पण त्या ईर्ष्येने त्यांनी कर्ज काढून हे सेंटर उभारलं. बपेऱ्याकडून, नाकाडोंगरीच्या जंगलपट्ट्यातून माणसं यायची. खाणीत काम केलेली, विड्या वळणारी, मिलवरची. सगळ्यांची तक्रार छातीची. त्यांचे सगळे फोटो एका सर्व्हरवर असायचे, आणि तो सर्व्हर मेला तरी फोटो मरू नयेत एवढं पाहणं हे माझं काम होतं.

सर्व्हरसोबत टेप ड्राइव्ह आला होता. गाण्याच्या कॅसेटीसारखीच कॅसेट, आत लांबच लांब फीत. संध्याकाळी निघताना मी ती घालायची, ती रात्रभर घुर्र घुर्र करत दिवसभराचे फोटो उतरवून घ्यायची, सकाळी काढून मी माझ्या भाड्याच्या खोलीवर न्यायची. कॅसेट दुसऱ्या छपराखाली राहिली पाहिजे, एवढंच माझं शास्त्र. सर्व्हरची जागा भरत आली की जुने फोटो तिथून काढावे लागायचे. मग ते फक्त टेपवर उरायचे.

तिथेच गाडं अडलं, आणि अडलं ते नेमकं बाबांपाशी. एकदा त्यांना खोकला झाला म्हणून मी त्यांना सेंटरला बोलावलं. डॉक्टरांनी नवा फोटो काढला आणि म्हणाले, जुना दाखवा. जुना, मी कामाला लागले तेव्हा काढलेला, टेपवर. फितीचं असं असतं की मधलं गाणं हवं असेल तर पुढचं सगळं गुंडाळत जावं लागतं. मी एक कॅसेट घातली, ती नव्हे. दुसरी घातली, ती अर्ध्यात अडकली. बाबा बाकावर बसून होते. त्यांनी आईने दिलेला डबा खाल्ला, पाणी प्यायले, शेजारच्या म्हाताऱ्याशी धानावर गप्पा मारल्या, आणि दुपार सरली तरी मी आपली फीत फिरवतच होते. डॉक्टर दर थोड्या वेळाने डोकावायचे आणि घड्याळाकडे बघून जायचे. शेवटी फोटो निघाला. डाग तेवढाच होता, तसूभरही इकडेतिकडे नाही.

"पाहा," बाबा म्हणाले. "मी सांगत होतो ना, जुना हाये म्हून."

बाबांकडून डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत, फिल्मही काढून दिली नाही. "घरच्या माणसाला फिल्म कायले पायजे? सर्व्हरवर हायेच की," असं म्हणाले. ते प्रेमाने म्हणाले, आणि आम्हाला ते प्रेमच वाटलं.

त्यानंतर डॉक्टरांनी टेपवर जे तोंडसुख घेतलं ते पुरे महिनाभर चाललं. "इमर्जन्सीचा पेशंट आला तर त्याले काय सांगू? थांब बाप्पा, आमची कॅसेट फिरून राहिली?" नेमका ड्राइव्हही तेव्हा कुरकुरू लागला होता. नागपूरहून इंजिनियर आला. तो पडला व्यापारी. ज्याच्या हातात चेकबुक त्याच्या बाजूने मान हलवणारा. पण त्याने सांगितलेलं खोटं नव्हतं. बाहेरून लावायच्या हार्ड डिस्क स्वस्त झाल्या होत्या. तार जोडली की झालं, फोटो चुटकीसरशी समोर. आणि टेपला तिच्याच जातीचा ड्राइव्ह लागतो. तो बिघडला आणि बाजारातून गेला, की कॅसेटी म्हणजे नुसत्या डब्या.

मी भांडले. भांडणात मी कधी कोणापुढे हार मानली नाही. म्हटलं, "टेप मशीनमधून काढली की तिचा मशीनशी संबंध संपला. वीज पडो, आग लागो, तिला काही होत नाही. डिस्क हाताशी असते म्हणून माणूस ती जोडलेलीच ठेवतो. जोडलेली ठेवली की ती वेगळी राहिलीच नाही. मशीनसोबत तीही जाईल."

डॉक्टर म्हणाले, "अन् तुमच्या टेपा वाचायचा ड्राइव्हच गेला तर?"

दोघांचंही बरोबर होतं, ही या गोष्टीतली सगळ्यात वाईट गोष्ट. एकाचं चुकलं असतं तर दुसऱ्याने निदान समाधानाने जगून घेतलं असतं.

डिस्क ठरल्या. तीन. मी एकच अट घातली आणि डॉक्टरांनी ती मान्य केली: एक सर्व्हरला जोडलेली, एक कपाटात, एक माझ्या खोलीवर, आणि फिरवत राहायच्या. तिन्ही कधीही एका जागी येता कामा नयेत. टेपवरचे सगळे फोटो डिस्कवर उतरवले, ताडून पाहिले. सगळं नीट झाल्यावर इंजिनियर जुना ड्राइव्ह बदल्यात घेऊन गेला. कॅसेटी भंगारात द्यायला काढल्या होत्या, त्या मी खोक्यात भरून खोलीवर नेल्या. आमचा एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ हसला, "ताई, लोनचं घालून ठेवता का त्याचं?" हा काही कोवळा पोरगा नव्हे, चांगला दोन लेकरांचा बाप, पण थट्टेची सवय सुटली नव्हती. मी म्हटलं, जागा माझी, खोकं माझं, तुमच्या पोटात का दुखतं?

नंतरची काही वर्षं डिस्कनी चोख काम केलं, हे कबूल केलं पाहिजे. बाबांचा पुढचा फोटोही काढला. जुना शेजारी लावायला मला एक घोट चहा प्यायचाही वेळ लागला नाही. डाग तेवढाच.

आमच्या घरी दसऱ्याला यंत्रांची पूजा नसते. आम्ही बौद्ध, त्या दिवशी आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. मी लहान असल्यापासून एकही दसरा चुकला नाही. त्याही वर्षी कोंढ्याहून आई-बाबा निघाले, तुमसरहून मी, आणि गर्दीत ठरल्या जागी भेटलो. बाबांनी पुस्तकांच्या दुकानांपुढे नेहमीप्रमाणे उभं राहून फुकट वाचन केलं. आईने घरून आणलेला डबा मला दोन्ही हातांनी वाढला. तो दिवस चांगला गेला. इकडे तुमसरला काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सेंटरमध्ये दसऱ्याची पूजा दरवर्षी व्हायची. मशीन पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. स्ट्रेचरला, डॉक्टरांच्या गाडीला, रिपोर्टच्या प्रिंटरलासुद्धा. पूजेची सूत्रं डॉक्टरांच्या आईकडे. बाई मोठ्या भाविक आणि तितक्याच मायाळू; मला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. त्यांचा नियम एकच, ज्याच्या जिवावर आपण जेवतो त्यातलं एकही हत्यार पूजेबाहेर राहू नये. त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं, सगळं आलं का? तो बिचारा खरं बोलला. म्हणाला, एक डिस्क ताईच्या खोलीवर आहे.

"मंग आन ना ते," त्या म्हणाल्या. "तिनं काय पाप केलं? तिची पूजा काहून नाई?"

नळ कधीही यायचा, म्हणून पाणी भरायला माझ्या खोलीची चावी घरमालकिणीकडे असायची. तो गेला आणि डिस्क घेऊन आला. कपाटातली काढली. तिन्ही डिस्क टेबलावर रांगेत मांडल्या, तांदळावर. मग बाईंच्या लक्षात आलं की एकीचाच निळा दिवा लागलेला आहे. बंद मशीनची पूजा कशी करायची? आरतीला देव जागा पाहिजे. म्हणून तिघींच्याही तारा जोडल्या, तिघींचेही दिवे लागले. सर्व्हर आणि डिस्कच्याच बोर्डावर रंगीत बल्बांची माळ लावली तेव्हा विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्व्हरचा यूपीएस भार सोसेना, टी-टी करून ओरडू लागला. ऐन आरतीत ते ओरडणं अपशकुनासारखं वाटलं म्हणून कोणीतरी बोर्डाची पिन यूपीएसमधून काढून सरळ भिंतीत खुपसली.

आरती झाली, प्रसाद वाटला, सगळे सोनं वाटायला बाहेर पडले. मशीन पूजेनंतर त्या दिवशी हलवायची नाहीत, अशी रीत. दुपारी कधीतरी रस्त्यावरच्या खांबावर न्यूट्रलची तार तुटली आणि ओळीतल्या सगळ्या घरांत दुप्पट दाबाची वीज घुसली. कोणाचा पंखा गेला, कोणाचा टीव्ही. आमच्याकडे रंगीत बल्ब फुटले, सर्व्हर जळाला आणि तिन्ही डिस्क जळाल्या.

मी गेले तेव्हा खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा आणि उदबत्तीचा असा मिसळलेला वास होता. डिस्कवरचं हळदकुंकू जसंच्या तसं होतं. मी तंत्रज्ञावर ओरडले. तो रडायला लागला, मग माझं ओरडणं बंद झालं. डॉक्टर स्टुलावर बसून राहिले. त्यांच्या आईने माझा हात धरला. "माय, मी तं पूजाच केली ना," म्हणाल्या. डिस्क दुसऱ्या छपराखाली का ठेवायची, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला आपली मानून घरात आणलं होतं. शिव्या द्यायला समोर कोणी नसणं किती वाईट असतं ते मला त्या दिवशी समजलं.

इंजिनियरने डिस्क नागपूरला नेल्या, तिथून आणखी पुढे पाठवल्या. तशाच परत आल्या. मग मी कॅसेटींचं खोकं काढलं. टेप बंद केल्या दिवसापर्यंतचे सगळे फोटो त्यात होते, बाबांचाही. पण ड्राइव्ह? आमचा इंजिनियरने केव्हाच मोडीत काढला होता. नव्या ड्राइव्हमध्ये आमची जुनी कॅसेट चालत नव्हती. डॉक्टरांनी वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आता माझ्यापुढे उभा होता. त्यांनी तो पुन्हा विचारला नाही. इंजिनियर म्हणाला, जुन्या मालात शोधतो, वेळ लागेल.

वेळ आमच्याकडे नव्हता. थंडीत बाबांचा खोकला वाढला, एकदा थुंकीत रक्ताची रेघ दिसली. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढला, डाग पाहिला, आणि तोच प्रश्न विचारला.

"जुना हाये साहेब," बाबा म्हणाले. "टीबीचा हाये. मले तरुणपनी झालता."

"जुना फोटो आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

आमच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं की डाग होता, मी पाहिला आहे. पलीकडून उत्तर आलं, होता म्हणून भागत नाही, केवढा होता ते पाहिजे. त्यांचंही चूक नव्हतं. वय झालेला माणूस, मिलची धूळ, पूर्वी विडी ओढलेली, थुंकीत रक्त. कॅन्सर असला आणि वेळ घालवला तर? जुना फोटो नाही म्हटल्यावर सुई घालून डागाचा तुकडा काढायचा, एवढाच रस्ता उरला.

सुईच्या आदल्या दिवशी वॉर्डात बाबा पुन्हा म्हणाले, "माय, माह्या छातीतलं मले मालूम नाई का? इतके वर्सं सोबत राह्यलो त्याच्यासंगं. तो हालला नाई."

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या सांगण्याने होत नाही. पुरावा लागतो." आई पलंगाच्या पायाशी बसून संत्री सोलत होती. तिने मान वर केली आणि बाबांच्या हातात एक फोड ठेवली.

सुईने फुप्फुसाला भोक पडलं आणि आत हवा शिरली. असं होऊ शकतं हे त्यांनी आधी सांगितलं होतं, आम्ही कागदावर सहीही केली होती. धडधाकट माणूस त्यातून उठतो. बाबांच्या फुप्फुसात मिलने तेवढा दम ठेवला नव्हता. बाजूने नळी घातली, मग ताप आला, मग मशीनवर ठेवलं. मला मशीनींचे आवाज ओळखता येतात, त्यामुळे कोणी सांगायच्या आधीच बाबा गेल्याचं मला कळलं. तुकड्याचा रिपोर्ट नंतर आला. त्यात धड काहीच नव्हतं. नमुना अपुरा, पुन्हा काढा, असं लिहिलेलं.

गावात कॅन्सरच समजले. "कॅन्सर होता म्हंते," एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आम्हीही काही बोललो नाही. कॅन्सर म्हटलं की मरणाला निदान कारण मिळतं. मला तर मनातून वाटायचं, कॅन्सरच असू दे. म्हणजे फोटो असता तरी ते गेलेच असते.

पाऊस सरता सरता इंजिनियरचा फोन आला. नागपुरात एका जुन्या मालवाल्याकडे आमच्या कॅसेटींना चालणारा ड्राइव्ह मिळाला होता. त्याने स्वतःच्या हाताने तो दुरुस्त केला, तुमसरला घेऊन आला, आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. या माणसाला मी वर व्यापारी म्हटलं आहे. तेही खरं, हेही खरं. कॅसेटी एकेक करून घातल्या. त्या चालल्या. इतकी वर्षं माझ्या पलंगाखाली पडलेल्या कॅसेटी, एकही खराब निघाली नाही. बपेऱ्याच्या, नाकाडोंगरीच्या, कुठल्या कुठल्या माणसांच्या छात्या पडद्यावर येऊ लागल्या. आणि मग बाबांची आली.

डॉक्टरांनी नागपूरचा फोटो शेजारी लावला. मोजपट्टी काढली, एकदा मोजलं, परत मोजलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जुनाच आहे," ते म्हणाले. "होता तेवढाच आहे."

म्हणजे सुईची गरज नव्हती. रक्त खोकून खोकून घशातून आलं असेल, नाहीतर त्या जुन्या जखमेतूनच; औषधाने थांबलं असतं. दोन्ही फोटोंचे कागद काढून घेतले आणि मी कोंढ्याची गाडी धरली. वाटेत पवनीपर्यंत मी विचार करत होते की आईला सांगायचं की नाही. सांगितलं तर ती म्हणणार, मग माझा माणूस फुकटच गेला. न सांगावं तर तिने जन्मभर ते कॅन्सरने गेले असं समजावं, हेही मला सोसवेना.

आई अंगणात बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर दोन्ही कागद ठेवले. डागावर बोट ठेवलं. "आई, हा आधीचा. हा नागपूरचा. बघ, सारखाच आहे. कॅन्सर नव्हता. जुनाच होता डाग."

तिने कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

"मले काय दाखोतेस?" ती म्हणाली. "मले तुह्या बापानं सांगतलं होतं. तुमालेबी सांगतलं होतं."